पावणे : पाहुणे कोण, यजमान कोण?

१/
शिकागो हे नाव उच्चारले की मराठी वाचकाला १८९३ ची सर्वधर्म परिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. कामगार चळवळीचा इतिहास वाचणाऱ्यांना १८८६ चे हेमार्केट आठवते. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी तेथे झालेल्या लढ्याच्या स्मृतीतूनच १ मे हा कामगार दिन रूढ झाला. आज मला त्या शहरातल्या तिसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचे आहे : १८९५ मध्ये छापल्या गेलेल्या दोन नकाशांबद्दल. आणि त्या नकाशांच्या आधाराने, ज्या गावात मी लहानाची मोठी झाले त्या नवी मुंबईतल्या पावणे गावाबद्दल. थ्रेड दीर्घ आहे. सवडीने वाचावा.

२/
१८४० मध्ये शिकागोची लोकसंख्या पाच हजारसुद्धा नव्हती. अवघ्या पन्नास वर्षांनी, १८९० च्या जनगणनेत, ती ११ लाखांच्या घरात पोहोचली. रेल्वेचे फाटे, धान्याचा बाजार, लाकडाच्या वखारी, पोलाद, आणि गुराढोरांचे अवाढव्य कत्तलखाने. या सर्वांना हात हवे होते, आणि हात आले ते आयर्लंड, जर्मनी, पोलंड, बोहेमिया, इटली, रशिया अशा देशांतून. एका माणसाच्या हयातीत एवढे शहर उभे राहिले, तेव्हा तेथे नेमके कोण राहते हे तेथल्या नगरपित्यांनाही धड सांगता येत नसे.

३/
जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोन स्त्रियांनी १८८९ मध्ये हॉल्स्टेड रस्त्यावर ‘हल हाउस’ नावाचे केंद्र सुरू केले. स्थलांतरितांच्या वस्तीतच राहायचे आणि तेथूनच काम करायचे, अशी त्यांची पद्धत. पुढे त्यांच्यात आलेल्या फ्लॉरेन्स केली आणि इतर सहकाऱ्यांनी वस्तीतल्या घराघरांची माहिती वापरून दोन नकाशे रंगवले. पहिल्यात प्रत्येक घर कोणत्या राष्ट्रीयत्वाचे, ते रंगाने दाखवले. दुसऱ्यात त्याच घरांची आठवड्याची कमाई किती, ते रंगाने दाखवले. जेमतेम एक तृतीयांश चौरस मैलाच्या त्या तुकड्यात १८ राष्ट्रीयत्वे आढळली.

४/
एम.ए.च्या वर्गात हे नकाशे प्रथम पाहिले, तेव्हा पहिल्या नकाशाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. तो देखणाच आहे. एका गल्लीत सात-आठ रंग. परंतु त्याचा अर्थ दुसरा नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही. विविधतेचे कौतुक करणारे नेहमी पहिलाच नकाशा दाखवतात. माणूस कोठून आला हे त्यातून कळते. आल्यावर त्याच्या हाती काय पडले, हे दुसऱ्यातून.

५/
आता नवी मुंबईकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ११ लाख भरली, म्हणजे १८९० च्या शिकागोएवढीच. आणि येथेही हा पल्ला साधारण पन्नास वर्षांतच गाठला गेला. ‘नियोजित शहर’ ही या शहराची ओळख शालेय पुस्तकापासून आपल्याला पाठ आहे. पण नियोजनकारांनी रस्ते आखले, विभाग पाडले, स्थानके ठरवली. माणसे कोणत्या वाटेने येतील, हे आखणे त्यांच्या हाती नव्हते. त्या वाटा शोधण्याचा हा प्रयत्न.

६/
पावणे हे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे गाव, तुर्भे आणि कोपरखैरणे या स्थानकांच्या दरम्यानचे. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगा. नकाशावर ते औद्योगिक क्षेत्राच्या ठिपक्यांत सापडत नाही. रिक्षावाल्याला मात्र ‘पावणे गाव’ म्हटले की पुरते.

गंमत अशी की बोलीत ‘पावणे’ म्हणजे पाहुणे. ही केवळ उच्चाराची जुळणी आहे, गावाच्या नावाची व्युत्पत्ती नव्हे. तरीही ‘आम्ही पावण्याचे’ असे सांगितल्यावर समोरच्याने ‘म्हणजे पाहुणेच की!’ असा विनोद केला नाही, असे माझ्या आयुष्यात फारसे घडलेले नाही. या विनोदाखाली एक गंभीर प्रश्न दडलेला आहे : या गावात पाहुणा कोण आणि यजमान कोण?

७/
पहिला थर : जमीन.

खाडीकाठच्या या गावांत प्रामुख्याने आगरी आणि कोळी समाज. ‘आगर’ म्हणजे मिठाचे आगर. आगरी हे नाव त्याच कामाशी जोडले जाते. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाच्या गोड्या पाण्याने जमीन धुऊन निघू द्यायची आणि तेथे भात काढायचा, ही खारजमिनीची शेती. बांधाला उघाडी ठेवायची, म्हणजे पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर पडते आणि भरतीचे आत शिरत नाही. एका शेतकऱ्याचा बांध फुटला तर शेजाऱ्याचेही पीक खारावते. म्हणून बांधाची राखण गावाने मिळून करायची. हे केवळ शेतीचे तंत्र नव्हते, गावकीचा पायाही होता.

८/
भात निघाल्यावर मीठ, मासळी, गवत. खाडीत कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या. नशीब असेल तर जिताडा. ज्यांच्या चाळीत आम्ही भाड्याने राहतो त्या आगरी आजी आजही खाडीच्या दिशेला हात करून ‘तिथं आमचा भात व्हायचा’ असे सांगतात. त्या दाखवतात तेथे आता एका कारखान्याची भिंत आहे आणि भिंतीवर काचेचे तुकडे बसवलेले आहेत. कुळदैवत मात्र हललेले नाही. कार्ल्याच्या एकवीरेला त्यांचे घर दरवर्षी जाते, आणि आम्हा भाडेकरूंच्या खोल्यांत प्रसाद पोहोचतो.

९/
दुसरा थर : कारखाने.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. मुंबई बेटावर उद्योगांना जागा उरली नव्हती, म्हणून खाडीपलीकडची पट्टी निवडली गेली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे कारखाने आले. ‘नोसिल’चा नॅफ्थ्यापासून रसायने बनवणारा प्रकल्प १९६० च्या दशकाअखेरीस सुरू झाला, तेव्हा तो देशातल्या अगदी पहिल्या पेट्रोरसायन प्रकल्पांपैकी होता. येथे ध्यानात ठेवण्याजोगी बाब ही की सिडको नंतरची. कारखाने आधी आले, शहर मागाहून.

१०/
कारखान्यांना प्रशिक्षित माणसे हवी होती : फिटर, वेल्डर, बॉयलर सांभाळणारे, प्रयोगशाळेत नमुने तपासणारे. भात लावणाऱ्या आणि मीठ ओढणाऱ्या गावात हे शिक्षण कोठून असणार? म्हणून तंत्रज्ञ आले केरळहून, तमिळनाडूहून, पंजाबातून, पुण्या-कोल्हापुराहून. ज्यांची जमीन गेली त्यांच्या वाट्याला पुष्कळदा फाटकाबाहेरचे काम आले : वाहतूक, माती भराई, पाण्याचे टँकर, आणि पुढे भाड्याच्या खोल्या. भूसंपादनाचा कायदा होता १८९४ चा, इंग्रजी आमदानीतला. त्याला जमिनीचा भाव ठाऊक होता. खारबांधामागे उभी असलेली गावकी त्याच्या कोष्टकात बसणारी नव्हती.

११/
तिसरा थर : शहर.

खाडीवर पूल बांधून मुंबईला मुख्य भूमीशी जोडावे, अशी शिफारस स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस केली. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडील जुळ्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, आणि २० लाख लोकांचे स्वप्न. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला.

१२/
नियोजनकारांचे लेख आजही वाचनीय आहेत. त्यांना मध्यमवर्ग आणि श्रमिक शेजारी-शेजारी राहणारे शहर हवे होते. परंतु ‘मोकळी जमीन’ या त्या काळी सर्रास वापरल्या गेलेल्या शब्दप्रयोगापाशी मी प्रत्येक वेळी अडखळते. ती जमीन मोकळी नव्हती. तिच्यावर ९५ गावांचे बांध होते.

शिकागोतही हेच झाले होते. १८३३ च्या तहाने पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवाशांकडून तेथील जमीन घेतली गेली आणि त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे पाठवण्यात आले. त्या शहराचे नावही त्यांच्याच मुलुखातल्या रानकांद्यासारख्या एका वनस्पतीवरून आलेले. नाव उरले, माणसे गेली. हल हाउसच्या नकाशांत १८ राष्ट्रीयत्वे आहेत. त्यांच्याही आधी तेथे कोण होते, हा तिसरा नकाशा मात्र त्या संचात नाही.

१३/
नवी मुंबईतली माणसे मात्र गेली नाहीत, कारण ती लढली. उरण-पनवेल पट्ट्यात शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना १९९० मध्ये आली, ती या बलिदानाच्या पायावर. ‘साडेबारा टक्के’ हे शब्द येथे गणितातले नाहीत. लग्नाच्या बोलणीत, भावकीच्या भांडणात, निवडणुकीच्या सभेत ते ऐकू येतात.

१४/
चौथा थर : दगड.

शहर बांधायला खडी लागते. तुर्भे-शिरवण्याच्या बाजूला पारसिकच्या डोंगरात खाणी सुरू झाल्या. सुरुंग लावणारे, घण मारणारे, क्रशरवर राबणारे आले ते कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून, मराठवाड्यातून आणि सोलापुराकडून. त्यांत वडार समाज मोठा. १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू गावांची जी घडी विस्कटली, तिचाही यात वाटा आहे. औद्योगिक पट्ट्यालगतच्या झोपडवस्त्यांत आज बुद्धविहारे आहेत, यल्लम्माची ठाणी आहेत, मशिदी आहेत, आणि छठपूजेला उसाचे मांडवही उभे राहतात. वाशीच्या उंच इमारतींखाली ज्यांनी फोडलेली खडी आहे त्यांतल्या अनेकांना स्वतःच्या घराची पक्की भिंत दुसऱ्या पिढीत मिळाली, काहींना अद्याप नाही.

१५/
पाचवा थर : बाजार. येथे जरा थांबते, कारण या थरात माझे आजोबा आहेत.

ते साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले. तरुणपणी मुंबईच्या दाणाबंदरात हमालीला आले. गावच्या माणसांनी मिळून घेतलेली एक खोली, तिच्यात पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसे, आणि खानावळीचा डबा. शंभर किलोची गोणी पाठीवर. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. मजुरी नगावर, आजारी पडला तर त्या दिवसाचे काहीच नाही, मुकादम देईल ते आणि देईल तेव्हा.

१६/
पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केले. त्यातून आला १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. हमालाचा मालक एक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे. मग भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा? कायद्याने सरकार, व्यापारी आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ बसवले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, सुटीचा पगार, औषधोपचार द्यायचे. रोज बदलणाऱ्या मालकांच्या जागी कायद्याने एक न बदलणारे दार उभे केले.

१७/
मुंबई बेटावरची गर्दी कमी करण्यासाठी घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवण्यात आले. १९८० च्या दशकात कांदा-बटाटा आधी, पुढे मसाले आणि धान्य, १९९६ मध्ये फळे आणि भाजीपाला. मशीद बंदरचे कच्छी-गुजराती धान्यव्यापारी, भायखळ्याचे भाजीवाले, क्रॉफर्ड मार्केटचे फळवाले, सगळे तुर्भे-वाशीत आले. त्यांच्यामागून माथाडी आले. कोपरखैरणे आणि घणसोलीत त्यांच्या वसाहती झाल्या. सातारा, जुन्नर, आंबेगावच्या बोली आगरी बोलीच्या शेजारी नांदू लागल्या. आजोबांनी मात्र बाजार हलण्याआधीच काम सोडले होते. ते गावी परतले, आणि त्यांच्या नावावर येथे घर लागले नाही.

१८/
सहावा थर : रूळ आणि कंत्राट.

मे १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली. २००४ मध्ये ठाणे-तुर्भे मार्ग सुरू झाला आणि आमच्या गावाला दोन्ही बाजूंनी स्थानक मिळाले. याच काळात जुने मोठे रासायनिक कारखाने एकामागून एक बंद होत गेले. महाप्यात मिलेनियम बिझनेस पार्क आले, संगणकाच्या कंपन्या आल्या, गोदामे आली. वाशी स्थानकाजवळ केरळ, आसाम, उत्तराखंड अशा राज्यांची अतिथीभवनेही उभी राहिली. कंत्राटी कामगारांच्या नियमनाचा आणि निर्मूलनाचा कायदा १९७० चा, म्हणजे सिडकोच्याच वयाचा. निर्मूलन हा शब्द त्या कायद्याच्या नावात होता. पट्ट्यातल्या कोणत्याही फाटकावर सकाळी सात वाजता उभे राहिले की कंत्राटाचे काय झाले ते दिसते.

१९/
माझे वडील नव्वदच्या दशकात मामांच्या ओळखीने या पट्ट्यात आले. एका रासायनिक कारखान्यात मदतनीस, मग ऑपरेटर. त्यांच्या पाळीत फोरमन त्रिशूरचा, बॉयलरवाला जालंधरचा, दोघे जौनपूरचे, आणि ज्या जमिनीवर तो कारखाना उभा होता तिच्या मूळ मालकाचा मुलगा फाटकावर सुरक्षारक्षक. मी चौथीत असताना कारखाना बंद झाला. देणी मिळायला कित्येक वर्षे लागली. त्यानंतर वडील ठेकेदाराकडे गेले आणि आई औषधांच्या एका लहान युनिटमध्ये पॅकिंगला. ‘कायम’ आणि ‘कंत्राटी’ या शब्दांतला फरक मी व्याकरणात शिकले नाही; महिन्याच्या किराण्याच्या यादीतून शिकले.

२०/
हल हाउसचे नकाशे पाहिल्यानंतर मी आमच्याच चाळीचा नकाशा करायला बसले. खाली सात खोल्या, वर घरमालक. भाषांचा नकाशा असा : सातारी मराठी (आम्ही), नांदेडकडची मराठी, भोजपुरी, कन्नड, मल्याळम, जुन्नरची मराठी, ओडिया, आणि वर आगरी. आठ रंग. भोजपुरी बोलणाऱ्या खोलीत चार तरुण राहतात. दोघे दिवसपाळीला, दोघे रातपाळीला, म्हणून गाद्या दोनच. मल्याळी काकू एका रुग्णालयात परिचारिका आहेत. आम्हा मुलांचे ताप त्यांनीच पाहिले. ओणमची फुलांची रांगोळी त्या व्हरांड्यात काढतात, आणि झेंडूची फुले आणून देतात बाजारातून जुन्नरचे काका.

२१/
हा पहिला नकाशा कोणीही आनंदाने छापील. मग दुसरा काढला : कामाचा आणि कमाईचा. आठ रंगांचे तीनच झाले. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या पाच खोल्या, भाषा पाच, पण रंग एक : काम आहे तोवर पगार. दुसरा रंग नोकरीत कायम असलेल्या परिचारिका काकू आणि माथाडी मंडळात नोंद असलेले जुन्नरचे काका यांचा. तिसरा रंग घरभाड्यावर जगणाऱ्या घरमालकांचा.

जुन्नरच्या काकांपाशी मी बराच काळ विचार करत राहिले. चाळीत सर्वांत कमी शिकलेले ते, काम सर्वांत अंगमेहनतीचे, आणि तरीही म्हातारपणाची चिंता त्यांना सर्वांत कमी. माझ्या वडिलांपाशी यंत्रे चालवण्याचे वीस वर्षांचे कसब आहे. काकांपाशी १९६९ चा एक कायदा आहे. हा फरक भाषेचा नाही, प्रांताचा नाही, कौशल्याचाही नाही. कामाच्या पाठीशी कायदा उभा आहे की नाही, एवढाच आहे.

२२/
मग तिसरा नकाशा, शिकागोच्या संचात नसलेला : जमिनीचा. सातही खोल्या ज्या चाळीत आहेत ती गावठाणालगत घरमालकांनी गरज म्हणून बांधली. शेती गेली, कुटुंब वाढले, मुलांना नोकरी लागली नाही. उरलेल्या जागेवर खोल्या चढवल्या आणि भाड्यावर घर चालवले. प्रकल्पग्रस्तांच्या अशा बांधकामांना येथे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात, आणि ती नियमित करण्याचा प्रश्न निवडणुकीमागून निवडणूक चर्चेत राहिलेला आहे. म्हणजे आम्ही ज्यांना यजमान समजतो, त्यांच्याच डोक्यावरचे छप्पर कागदावर डळमळीत. आजींनी एकदा आईला समजावले होते, ‘तुमाला आमी काढू शकतो, आमाला सिडको काढू शकते.’ त्या हसत हसत म्हणाल्या होत्या. आई हसली नव्हती.

२३/
या तीन नकाशांनंतर ‘मूळचे’ आणि ‘उपरे’ हा नेहमीचा वाद मला अपुरा वाटू लागला. जमिनीच्या नकाशावर आगरी कुटुंबाचा दावा खरा आहे, आणि तो ‘सगळे सारखेच’ अशा गोड वाक्याने पुसता येणार नाही. पाच माणसांचे प्राण त्यामागे आहेत. कामाच्या नकाशावर खडी फोडणाऱ्याचा, गोणी वाहणाऱ्याचा, रातपाळी करणाऱ्याचा दावा खरा आहे. त्यांच्यावाचून हे शहर ९५ गावांचा आराखडाच राहिले असते. दोन दावे एकमेकांना खोटे ठरवत नाहीत. ते एकमेकांविरुद्ध उभे केले जातात, कारण भाडेकरू आणि घरमालक भांडत राहिले की ज्यांनी जमीन घेतली आणि ज्यांनी कंत्राट दिले त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

२४/
याचा अर्थ सगळे गोडीने नांदते असाही नव्हे. चाळीत पाण्यावरून भांडणे होतात. ‘भाडोत्री’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेलेला मी ऐकला आहे, आणि ‘यांना बसून भाडे खायची सवय’ हे आमच्या खोल्यांतले वाक्यही ऐकले आहे. परप्रांतीय म्हणून त्या चार तरुणांची चौकशी होते, तेव्हा आम्ही सातारकर गप्प बसतो. जणू पाटणहून येणे आणि जौनपूरहून येणे यांत पोटाची कारणे वेगळी होती. हेही नोंदले पाहिजे. इतिहासात केवळ आपल्याला शोभणारे तेवढेच टिपून ठेवायचे नसते.

२५/
शोधनिबंधाच्या अर्जात ‘मूळ गाव’ असा एक रकाना होता. पाटण तालुक्यातल्या गावी माझे शेत आहे, पण मी तेथे सलग पंधरा दिवसांहून अधिक राहिलेली नाही. पावणे गावात माझे सगळे आयुष्य आहे, पण एक वीटही माझी नाही. मी ‘पावणे’ लिहिले. वडिलांना हे आवडले नाही. गावाकडची ओळख त्यांच्या लेखी आजोबांच्या पाठीवरच्या गोण्यांनी राखलेली आहे. त्यांचे म्हणणे मला समजते. तरी खोडले नाही. ज्या गावाच्या नावातच पाहुणा ऐकू येतो, तेथे पाहुण्यानेही गावाचे नाव लावावे, एवढे मला रास्त वाटले.

२६/
शेवटची विनंती, विशेषतः इतिहास शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना. आपले शहर कोणतेही असो : पिंपरी-चिंचवड, इचलकरंजी, भिवंडी, बुटीबोरी. आपल्या इमारतीचे, चाळीचे किंवा गल्लीचे तीन नकाशे काढून पाहा. येथे पूर्वी कोणाची जमीन होती? येथली माणसे कोठून आणि कोणत्या कामासाठी आली? त्या कामाच्या पाठीशी कोणता कायदा आहे, की कोणताच नाही? हल हाउसच्या लोकांनी घरोघर जाऊन विचारले होते. आपल्याला तर बहुतेक वेळा नुसते जिना उतरून खाली जायचे आहे. माणसांची नावे लिहू नका, काम लिहा. आणि विचारायचे असेल तर लवकर विचारा. खारबांधाची उघाडी कशी चालत असे हे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

आपले नकाशे खाली उत्तरांत जरूर लिहा. मी सगळे वाचेन.